नवा खुबा आणि नाल्यापलीकडचं वावर

माझ्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता आणि सगळं गाव मिळून माझ्या गुडघ्यावर इलाज करत होतं. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा एकेकाला धरून बदडावंसं वाटायचं. खरं तर दुखणं सुरू व्हायचं जांघेत. तिथून मांडीतून उतरत उतरत गुडघ्याशी येऊन ठाण मांडायचं. आता बाईमाणसानं चारचौघांत जांघेचं नाव घ्यायचं कसं? म्हणून मी गुडघ्यावर हात ठेवायची, आणि मग ज्यानं त्यानं गुडघाच धरला. कुणी बिब्बा घातला, कुणी एरंडाची पानं बांधायला लावली, कुणी तेल चोळून चोळून कातडं सोलायचं बाकी ठेवलं. मेडिकलवाल्याच्या गोळ्या खाऊन पोट बिघडलं ते वेगळंच. गुडघ्याला बिचाऱ्याला काही झालंच नव्हतं, तो बरा होणार कसा!

आमचं गाव बार्शीटाकळीच्या बाजूला. नवरा गेला तेव्हा मुलगा कॉलेजात होता. भावकीतली माणसं बसायला आली आणि जाता जाता सांगून गेली की बाईच्यानं शेती होत नसते. मी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाऊन उभी राहिले. तेव्हापासून कपाशी असो, तूर असो, सोयाबीन असो, जे पिकलं ते माझ्या डोळ्यांसमोर पिकलं. मुलगा शिकला, अकोल्यात नोकरीला लागला, तिथंच त्यानं घर केलं. लिहिताना मी शाळेत शिकले तशी भाषा लिहिते, पण बोलताना मी पक्की मले-तुलेवाली आहे, आणि रागावले तर जास्तच.

वावर गावापासून लांब नाही. पांदणीच्या गाडीवाटेनं सरळ जायचं, मग नाला लागतो. नाल्यात उतरून पलीकडची दरड चढली की आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध. पूल नाही, कधी होईल असंही वाटत नाही. हा नाला मी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन चढलेली आहे, पोटात मुलगा असताना चढलेली आहे. आणि त्या वर्षी पोळ्याच्या आधी एक दिवस त्याच दरडीवर मी अर्ध्यात अडकले. वर पाय उचलेना, खाली जाता येईना. निंदणाला आलेल्या बायांनी दोन्ही काखांत हात घालून मला वर ओढलं, अगदी दलदलीत रुतलेल्या म्हशीला ओढतात तसं. त्या खिदळत होत्या, मीही हसले, आणि घरी येऊन दार लावून रडले.

त्यानंतर माझी शेती मोबाइलवर सुरू झाली. घरातल्या खाटेवर बसून मी विचारायची, "निंदन झालं का वं?" तिकडून उत्तर यायचं, "झालं ना काकू, एकदम साफ!" आणि मागून हसण्याचा आवाज. मला कळत नव्हतं का? हातभर गवत वाढलेलं असणार, आणि ह्या बाभळीखाली बसून सुपारी कातरत असणार. पण मी करणार काय? ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खोटं नाही.

मुलगा दर रविवारी यायचा आणि एकच गाणं लावायचा. वावर मक्त्यानं देऊ. मक्ता म्हणजे गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत वावर दुसऱ्याला वाहायला द्यायचं, ठरलेली रक्कम घ्यायची आणि घरी बसायचं. गावातलाच एक जण तयारही होता. माणूस वाईट नव्हता, मेहनती होता, पण माझ्या धुऱ्यावरून त्यानं हुकूम सोडायचा आणि मी खाटेवरून ऐकायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. घरी बसलेल्या बाया मी पाहिलेल्या आहेत. आधी त्यांचं वावर जातं, मग त्यांना कुणी काही विचारत नाही.

शेवटी अमरावतीच्या बहिणीनं जबरदस्तीनं बोलावून घेतलं आणि हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, दुखतं कुठं? मी सवयीप्रमाणे गुडघा दाखवला. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. मग पाय वाकवून हळूच आत वळवला, आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेर बसलेल्या बहिणीची पर्स खाली पडली.

"गुडघा चांगला आहे तुमचा," ते म्हणाले, "खुबा गेलाय."

एक्स-रे दिव्यावर लावून त्यांनी दाखवलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो, दोघांच्या मध्ये गुळगुळीत कूर्चा असते, संधिवातानं माझी ती सगळी झिजून गेली होती. हाडावर हाड घासत होतं. मला चटकन कळलं. बंडीच्या चाकातलं वंगण संपलं की आस कशी किरकिरते, ते मी लहानपणापासून ऐकलंय. गोळा आणि वाटी दोन्ही नवीन बसवायची, असं ते म्हणाले. मी विचारलं, "मंग नाला चढता येईन का?" त्यांना कुठला नाला ते काय माहीत, पण म्हणाले, नीट वागलात तर चढाल.

नीट वागलात तर! तिथंच तर आमचं घोडं अडलं.

ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं. पाठीत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, पण कान जागे होते. पडद्यापलीकडून ठोकाठोकी ऐकू यायला लागली, एखाद्या सुताराच्या दुकानात निजल्यासारखी. मी म्हटलं, "अवो डॉक्टर, हळू ठोका ना, माह्यंच हाय ते!" सगळे हसले. नर्सनं झोपेचं काहीतरी टोचलं बहुतेक, कारण पुढचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वॉकर देऊन उभं केलं. टाके दुखत होते, मांडी सुजली होती, डोकं गरगरत होतं, पण जांघेतलं ते जुनं दुखणं नव्हतं. नव्हतंच! इतकी वर्षं माझ्या सोबत उठणारं, सोबत निजणारं दुखणं कुठं गेलं ते मी शोधत राहिले. "गेलं वं, मेलं गेलं!" मी बहिणीला ओरडून सांगितलं. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली, तिला वाटलं कुणी माणूस गेलं.

मग आले नियम. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, म्हणून खुर्ची उंच हवी आणि संडासालाही उंच सीट हवी. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. आणि कंबरेतून वाकून खालची वस्तू उचलायची नाही, नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटेल. व्यायाम शिकवायला येणारी पोरगी रोज मला हे म्हणून दाखवायला लावायची. मी पाढ्यासारखं म्हणायची. पाढे पाठ असणं वेगळं आणि गणित सुटणं वेगळं.

दवाखान्यातून मी बहिणीकडे आले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे अर्धं लग्नच असतं. संत्री, पारले बिस्किटं, आणि आपापल्या ओळखीतल्या सगळ्या बिघडलेल्या ऑपरेशनांच्या गोष्टी. मी सगळ्यांना पुरून उरले. आणि मग एका दुपारी अचलपूरहून आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे माझी आतेसासू, माझ्या सासऱ्यांची सख्खी बहीण. वय ऐंशीच्या पुढं, पण एसटीनं एकट्या फिरतात आणि कंडक्टरशी भांडून खिडकी मिळवतात. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्या दिवशी पहिल्यांदा ज्यांच्या पाया पडले त्या ह्या. आमच्या घरात सुनेनं आत्याबाईंच्या पाया पडायचं म्हणजे नुसते हात जोडून भागत नाही. डोक्यावर पदर, पूर्ण वाकायचं, दोन्ही पावलांना हात लावायचे आणि तो हात कपाळाला न्यायचा. तापात पडले, बाळंतीण झाले, तरी हे कधी चुकलं नाही. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या, चपला काढल्या, "कशी हायेस वं पोरी," म्हणाल्या. मी वॉकर बाजूला केला, पदर घेतला आणि वाकले.

विचार केला असता तर वाकलेच नसते. पण पाया पडताना विचार कोण करतं? अंगाला सवय असते.

आतून खट्ट असा आवाज आला आणि मी आत्याबाईंच्या पायांवरच कोसळले. पाय आखूड झाला, आतल्या बाजूला वळला, आणि जे दुखलं ते मी इथं लिहीत नाही. आत्याबाईंना आधी वाटलं, सून फारच भक्तिभावानं पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला! मग माझं ओरडणं ऐकून त्या स्वतःच मटकन खाली बसल्या. "माय माय माय, माह्या पायापायी पोरीचा पाय गेला," असं म्हणत त्यांनी जो गळा काढला, तो ऐकून वरच्या मजल्यावरची माणसं धावत आली. मला रुग्णवाहिकेत चढवलं तेव्हा रडण्यात त्या माझ्या पुढं होत्या.

भूल देऊन सांधा पुन्हा जागेवर बसवला. डॉक्टर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. नशीब, आतलं काही मोडलं नाही, म्हणाले. पण आता कंबर-मांडीला पट्टा, आणि कितीतरी दिवस त्यांनी सांगितल्याशिवाय हलायचं नाही. व्यायामाच्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "काकू, यापुढे नमस्कार हातानं."

मुलगा अकोल्याहून तसाच ऑफिसच्या कपड्यांत आला होता. शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले होते. वेचणीचे दिवस होते, सुट्ट्या काढून बिचारा मजूर शोधत फिरत होता, नोकरी आणि वावर दोन्हीकडे ओढ लागून अर्धा झाला होता. तो खाटेशेजारी बसला आणि मला वाटलं आता धीर देईल.

"बस झालं, माय," तो म्हणाला. "पाडव्याले वावर मक्त्यानं देऊन राह्यलो मी. त्याले मी शब्द देल्ला."

"मले न विचारता?"

"तुले विचारून काय होते? तू ऐकतं कोनाचं? बाबा असेच गेले वावरात. मले फोन आला तवा मी परीक्षेले बसलो होतो. आता तुह्यासाठी असा फोन मले नाई पाह्यजे."

मी भांडायच्या तयारीत होते, तोंडही उघडलं होतं, पण तो रडत होता. माझा एवढा घोडा मुलगा, मिशा असलेला, पोराबाळांचा बाप, सलाइनच्या स्टँडला धरून रडत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तशी मी, दोन मिनिटं त्याला रडू दिलं आणि मग म्हटलं, "पाडव्याले मी माह्या पायानं नाला चढून वावरात आली नाई, त खुशाल दे. आली, त पुन्हा मक्त्याचं नाव काहाडायचं नाई." त्यानं मान हलवली. त्याला वाटलं असणार, बुढी आता कुठली चढते.

संक्रांतीच्या सुमारास मी गावी परतले, आणि पाहते तर आत्याबाई माझ्या आधीच येऊन बसलेल्या. अचलपूरहून गाठोडं घेऊन. "तुहा पाय बरा होईपर्यंत मी अथूनच हलत नाई," त्यांनी जाहीर केलं. मी जवळून गेले की त्या झटकन आपली पावलं लुगड्याखाली ओढून घ्यायच्या, जणू मी चावणार आहे! दारात पहारा. कुणी म्हाताऱ्या भेटायला आल्या की ह्या आधी ओरडायच्या, "ती पाया पडनार नाई, आधीच सांगतो! आशीर्वाद देयाचा त दुरूनच द्या!" गावात चर्चा झाली की हिनं पाया पडणं सोडलं म्हणून. आत्याबाईंनी तेही पचवलं.

मी मात्र कामाला लागले. आधी वॉकर, मग काठी. पाय बाजूला उचलायचा, मागे न्यायचा, टाच घासत ओढायची. अंगणात, मग गल्लीत, मग शाळेपर्यंत. मारुतीच्या पाराला पायऱ्या आहेत, त्यांवर मी चढ-उतार करायची. पोरीनं शिकवलं होतं, चढताना चांगला पाय पुढं, उतरताना ऑपरेशनचा. पारावर बसलेले बुढे मला शिकवू लागले की कुठला पाय कधी टाकायचा. मी म्हटलं, "तुमी तंबाखू मळा, पायाचं मी पाह्यतो." डॉक्टरांनी फोटो काढून तपासलं, सांधा पक्का बसलाय म्हणाले, काठी घेऊन हवं तेवढं चाला म्हणाले. पण पांदणीला मी गेले नव्हते. धीर होत नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सपाट रस्त्यावर मी वाघीण होते, नाल्याचं नाव काढलं की हाताला घाम सुटायचा. परत तो खट्ट आवाज आला तर? दरडीवर, अर्ध्यात? तिथून मला उचलून आणतील, आणि मग वावर काय, अंगणही माझं राहणार नाही.

पाडव्याच्या सकाळी आत्याबाईंनी गुढी उभारली. मुलगा मोटारसायकलवर आला. मक्तेवाला वावरात जाऊन थांबलाय, म्हणाला, आणि मला गाडीवर नाल्यापर्यंत सोडतो, म्हणाला. मी म्हटलं, गाडी राहू दे. काठी डाव्या हातात घेतली आणि निघाले. तो मागून नव्या बुटांनी पांदणीतली ढेकळं चुकवत येऊ लागला.

अकोल्याकडचं ऊन सकाळीच डोक्यावर येतं. पांदणीत धूळ मऊ होती, पाय नीट पडत होता. नाल्याशी आल्यावर मी थांबले. पाणी नव्हतंच, नुसते गोटे. मुलानं हात पुढं केला. "काऊन हट्ट करतं? धर ना."

"तू मांगंच राय. मधात येऊ नको."

उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी, पाय, मग दुसरा. गोट्यांवर काठी घसरली, माझ्या तोंडून शिवी गेली, पण पाय गेला नाही. तळाशी उभी राहून मी समोरची दरड पाहिली. तीच, जिथं त्या बायांनी मला ओढलं होतं. चांगला पाय वर. मग जोर लावून उजवा. इथं आधी कळ यायची, जांघेतून मस्तकात जायची. मी कळेची वाट पाहत उभी राहिले. आली नाही. पुन्हा डावा वर, पुन्हा उजवा. माती खाली सुटत होती, मी वर चढत होते, आणि मला एकदम असं हसू फुटलं की मागून मुलगा घाबरला, "काय झालं? माय, काय झालं?" काय झालं म्हणे! काही झालं नव्हतं, तेच तर झालं होतं!

धुऱ्यावर पाय ठेवला तेव्हा समोर मक्तेवाला उभा होता. वावर ताब्यात घ्यायचं म्हणून पूजेला नारळ आणि उदबत्ती घेऊन आलेला. मला पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काकू? तुमी? चालत?"

"नाई, उडत," मी म्हटलं. "नारळ मांगं लपवू नको. आनला तसा फोड. पन माह्या वावराच्या नावानं, अन् प्रसाद खाऊन जाय. औंदा मक्ता नाई."

तो भला माणूस. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नाल्याकडे, मग हसला आणि धुऱ्यावरच्या दगडावर त्यानं नारळ फोडला. मी काठीनं जमीन ठोकून पाहिली. मुलानं करून घेतलेली वखरणी अगदी वरवर झाली होती, कोपऱ्यात कुंद्याचं गवत तसंच. मी तिथूनच मुलाची वरात काढायला सुरुवात केली.

मुलगा दरड चढून वर आला. बुटांत माती, शर्ट घामानं चिकटलेला, धाप लागलेली. मला वाटलं, आता कटकट करणार. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग वावराकडे पाहिलं, आणि त्याचा बाप विचारायचा अगदी त्याच स्वरात त्यानं मला विचारलं, "काय पेरतं माय औंदा?"

पाणी डोळ्यांतून वाहू लागलं, मी पुसलंही नाही.

"कापूस," मी म्हटलं, "अन् मधात तुरीच्या ओळी. तो खालचा तुकडा सोयाबीनले ठेव."

"बरं," तो म्हणाला.